नेटवर्क ड्रायव्हरमधील स्मृतिगळती : जबाबदारीच्या प्रश्नाचा इतिहास (१९६०-२०२४)

१. प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासलेखनात नव्या यंत्रांचे शोध, उद्योगसमूहांचा उदय आणि नामवंत शास्त्रज्ञांची कामगिरी यांना प्राधान्य मिळालेले दिसते. तयार झालेली व्यवस्था वर्षानुवर्षे चालू ठेवण्यासाठी जी देखभाल व दुरुस्ती करावी लागते, तिच्या वाट्याला त्या मानाने थोडीच पाने आली आहेत. धरण बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. कालव्याच्या चाऱ्या साफ ठेवणाऱ्याची नोंद कोठे होत नाही. संगणकाच्या क्षेत्रातही असेच घडले आहे.

प्रस्तुत लेखात अशाच एका दुर्लक्षित कामाचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. त्या कर्नलमध्ये नेटवर्क कार्ड हाताळणारी जी आज्ञावली असते तिला नेटवर्क ड्रायव्हर म्हणतात. या ड्रायव्हरांत आढळणारा 'मेमरी लीक' किंवा स्मृतिगळती हा दोष गेली चार दशके दुरुस्त केला जात आहे. तरीही तो संपलेला नाही. दोष ठाऊक आहे, त्यावरचे उपाय ठाऊक आहेत, शोधाची साधने उपलब्ध आहेत आणि दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. असे असूनही तो पुनःपुन्हा का उद्भवतो, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर प्रोग्रामरच्या निष्काळजीपणात शोधण्याचा प्रघात आहे. ऐतिहासिक पुरावा मात्र वेगळीच दिशा दाखवितो. स्मृतिगळती हा मुळात जबाबदारीच्या अस्पष्ट वाटणीतून निर्माण होणारा दोष असून प्रत्येक काळातील उपायाने ती वाटणी नव्याने केली आणि त्याबरोबर नवी अस्पष्टताही आणली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. अभ्यासाची साधने व मर्यादा

या विषयाच्या अभ्यासकाला एक दुर्मीळ सोय लाभली आहे. लिनक्स कर्नलमधील प्रत्येक बदल २००५ सालापासून 'गिट' या नोंदप्रणालीत जतन केला जातो. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने बदलली याची नोंद तेथे सापडते. इतकेच नव्हे तर दुरुस्ती करणाऱ्याने मूळ दोष कोणत्या जुन्या बदलातून आला हेही नोंदविण्याची प्रथा पुढे रूढ झाली. दप्तरखान्यातील कागदांवर काम करणाऱ्या इतिहासकाराला या नोंदींचे मोल वेगळे सांगावयास नको. या नोंदी, कर्नलसोबत प्रसिद्ध होणारे दस्तऐवज आणि प्रकाशित शोधनिबंध ही या लेखाची मुख्य साधने आहेत. विंडोजसारख्या बंदिस्त कार्यप्रणालींच्या अंतर्गत नोंदी सार्वजनिक नसल्याने विवेचनाचा भर युनिक्स आणि लिनक्स या परंपरेवर राहिला आहे.

३. स्मृतिगळतीचे स्वरूप

'गळती' हा शब्द काहीसा फसवा आहे. टाकीतून गळलेले पाणी टाकीबाहेर जाते. गळलेली स्मृती मात्र यंत्राबाहेर कोठेही जात नाही. ती जागच्या जागीच असते, परंतु तिचा उपयोग कोणालाही करता येत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयाचे उदाहरण येथे अधिक समर्पक ठरेल. पुस्तक वाचकाला दिले जाते, देवघेव नोंदवहीत नोंद होते आणि काम संपल्यावर ते परत येणे अपेक्षित असते. वाचक गाव सोडून गेला आणि पुस्तक परत करण्यास कोणीच उरले नाही, तर नोंदवहीत ते 'दिलेले' राहते. अशी एक-दोन पुस्तके गेल्याने ग्रंथालय बंद पडत नाही; परंतु रोज एक पुस्तक या रीतीने अडकू लागले तर कपाटे कधीतरी रिकामी होणारच.

सामान्य आज्ञावलीतील गळती तुलनेने सौम्य असते, कारण ती आज्ञावली बंद होताच कार्यप्रणाली तिची सर्व स्मृती परत घेते. कर्नलची गोष्ट निराळी आहे. कर्नल स्वतःच वसुली करणारा असल्याने त्याच्याकडून वसुली करणारा दुसरा कोणी नसतो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे एवढाच मार्ग उरतो. जे यंत्र महिनोन्महिने अखंड चालणे अपेक्षित आहे, त्याच्या बाबतीत हा मार्ग म्हणजे सेवेत खंडच होय.

नेटवर्क ड्रायव्हरच्या बाबतीत हा धोका वाढतो तो कामाच्या वेगामुळे. केवळ कल्पनेसाठी एक हिशेब मांडता येईल. सेकंदाला दहा हजार पॅकेट्स हाताळणाऱ्या यंत्रात हजारातील एका पॅकेटची दोन किलोबाइट स्मृती परत आली नाही, तर सेकंदाला वीस किलोबाइट आणि दिवसाला सुमारे १.७ गिगाबाइट स्मृती अडकते. आठ गिगाबाइट स्मृतीचे यंत्र पाच दिवसांच्या आत जेरीस येईल. चाचणीच्या पहिल्या तासात मात्र काहीच जाणवणार नाही.

४. पूर्वपीठिका : १९६० सालचे दोन मार्ग

वापरून झालेली स्मृती परत कशी मिळवावी, या प्रश्नाची दोन मूलभूत उत्तरे १९६० सालीच दिली गेली. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेवरील निबंधात पहिला मार्ग सांगितला. स्मृती संपत आली की सर्व ज्ञात ठिकाणांपासून सुरुवात करून जेथवर पोहोचता येते तेवढी स्मृती वापरात आहे असे समजावे आणि उरलेली गोळा करावी. यालाच पुढे 'गार्बेज कलेक्शन' हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरा मार्ग मांडला. प्रत्येक स्मृतिखंडाचे किती वापरकर्ते आहेत याची मोजणी ठेवावी आणि ती शून्यावर येताच तो खंड मोकळा करावा. शोध घेणे आणि मोजणी ठेवणे या दोन कल्पना पुढील साठ वर्षांच्या इतिहासात वेगवेगळ्या रूपांत पुन्हा भेटतात.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सुरू केलेली युनिक्स कार्यप्रणाली १९७३ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिली गेली. सी भाषेने या दोहोंपैकी एकही मार्ग आपोआप पुरविला नाही. ज्याने स्मृती घेतली त्यानेच, किंवा ज्याच्याकडे ती सोपविली त्याने, ती परत करावी असा तिचा शिरस्ता होता. त्या काळातील यंत्रांची मर्यादित शक्ती पाहता हा निर्णय व्यवहार्य होता. कर्नलसाठी तर त्याला सबळ कारण होते. उपकरणाकडून अचानक येणाऱ्या सूचनेला तत्काळ प्रतिसाद द्यावा लागतो. त्या क्षणी सारे काम थांबवून स्मृतीची झडती घेणे परवडणारे नव्हते. शिवाय नेटवर्क कार्ड स्वतःच स्मृतीत थेट लिहीत असते. त्याला कोणता पत्ता देऊन ठेवला आहे हे कर्नलची स्मृती चाळून नेहमीच कळते असे नाही. परिणामी, स्मृती परत करण्याची संपूर्ण जबाबदारी प्रोग्रामरच्या खांद्यावर आली.

५. बर्कलीची हिशेबवही

१९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती प्रसिद्ध केली. इंटरनेटचे संदेशनियम तीत अंगभूत होते. नेटवर्कसाठी लागणारी स्मृती हाताळण्यासाठी या गटाने 'एमबफ' नावाची रचना वापरली. प्रत्येक एमबफ १२८ बाइटचा असे आणि मोठा संदेश अशा अनेक तुकड्यांच्या साखळीत ठेवला जाई.

येथे एक बाब इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. प्रत्येक एमबफवर तो कोणत्या कामासाठी दिला आहे याची खूण असे आणि 'नेटस्टॅट' या आज्ञेद्वारे कोणत्या प्रकारचे किती एमबफ वापरात आहेत हे पाहता येई. यंत्रावर फारसे काम नसताना एखाद्या प्रकारचा आकडा चढताच राहिला, तर कोठेतरी गळती आहे असा निष्कर्ष व्यवस्थापकाला काढता येत असे. गळती कोठे आहे हे त्यातून कळत नसे, पण ती आहे हे तरी कळे.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी परंपरेतही याच धर्तीची सोय दिसते. तेथे कर्नलची स्मृती मागताना ड्रायव्हरने चार अक्षरांपर्यंतची एक खूण जोडावी अशी पद्धत होती आणि त्या खुणेवरून कोणाकडे किती स्मृती अडकली आहे ते पाहता येई. विंडोज २००० मध्ये ड्रायव्हरांची कसून परीक्षा घेणारे 'ड्रायव्हर व्हेरिफायर' हे साधनही समाविष्ट झाले. दोन्ही परंपरांनी प्रथम हिशेब ठेवण्याचा मार्ग धरला, हे साम्य योगायोगाचे म्हणता येणार नाही.

६. लिनक्स आणि हस्तांतराचा करार

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. त्याच्या इथरनेट ड्रायव्हरांचा मोठा भाग त्या दशकात डोनाल्ड बेकर यांनी लिहिला. बेकर त्या वेळी नासाच्या गॉडार्ड केंद्राशी संलग्न होते आणि १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग यांच्यासमवेत त्यांनी साध्या संगणकांची जोडणी करून 'बेओवुल्फ' हा संगणकसमूह उभा केला. स्वस्त यंत्रे नेटवर्कने जोडून मोठे काम करावयाचे असेल तर ड्रायव्हर भरवशाचे असणे अटळ होते.

लिनक्समध्ये पॅकेट ज्या रचनेत ठेवले जाते तिला 'एसके-बफ' म्हणतात. तिचा प्रवास समजून घेतल्याशिवाय गळतीचे मूळ ध्यानात येत नाही. बाहेरून पॅकेट येते तेव्हा ड्रायव्हर एसके-बफ घेतो, त्यात पॅकेट भरतो आणि ते कर्नलच्या नेटवर्क विभागाकडे सोपवितो. येथून पुढे ते मोकळे करण्याची जबाबदारी त्या विभागाची. पॅकेट बाहेर जाते तेव्हा नेमके उलट घडते. नेटवर्क विभाग एसके-बफ ड्रायव्हरकडे देतो, ड्रायव्हर ते कार्डाकडे पाठवितो, आणि कार्डाने काम पूर्ण झाल्याचे कळविल्यानंतर ड्रायव्हरने ते मोकळे करावयाचे असते. म्हणजे एकाच वस्तूची मालकी प्रवासात हात बदलते.

पॅकेट पाठविताना अडचण आली तर काय करावे, यासाठी एक करार ठरलेला आहे. ड्रायव्हरने 'स्वीकारले' असे उत्तर दिले की पॅकेट त्याचे झाले. ते प्रत्यक्ष पाठविले गेले असो वा टाकून दिले असो, मोकळे करण्याची जबाबदारी त्याचीच. 'सध्या सवड नाही' असे उत्तर दिले तर पॅकेट नेटवर्क विभागाकडेच राहते आणि ड्रायव्हरने त्याला हात लावावयाचा नसतो. पहिल्या उत्तरानंतर मोकळे करण्याचे विसरले तर गळती होते. दुसऱ्या उत्तरानंतर चुकून मोकळे केले तर त्याहून गंभीर दोष उद्भवतो, कारण नेटवर्क विभाग जी स्मृती आपली समजून पुन्हा वापरील ती एव्हाना दुसऱ्या कोणाला दिलेली असू शकते.

करार स्पष्ट असला तरी तो सी भाषेच्या व्याकरणात कोठेही उमटत नाही. तो दस्तऐवजात आणि जाणकारांच्या स्मरणात असतो. ड्रायव्हर लिहिणारा बहुधा कार्ड बनविणाऱ्या कंपनीचा अभियंता असतो. कार्डाची त्याला उत्तम माहिती असते, कर्नलच्या रीतिरिवाजांची तितकीशी नसते. दोन संस्थांच्या सीमेवर जी कामे पडून राहतात, त्यांतलेच हे एक होय.

७. दोषांची पहिली मोजदाद

ड्रायव्हर हे कर्नलचे दुबळे अंग आहे ही भावना जुनी असली तरी तिला आकड्यांचा आधार मिळाला तो २००१ साली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉसन एंगलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांतील दोष संगणकाच्याच साहाय्याने शोधून काढले. ड्रायव्हरांतील दोषांचे प्रमाण कर्नलच्या इतर भागांच्या तुलनेत तीन ते सात पटींपर्यंत असल्याचे त्यांच्या निबंधात नमूद आहे. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नूक्स' या प्रकल्पावरील निबंधात, विंडोज एक्सपीमधील नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरांमुळे होत असल्याचा दाखला दिला.

या मोजदादीचा परिणाम केवळ शैक्षणिक राहिला नाही. स्वयंचलित तपासणीचे निष्कर्ष ड्रायव्हरांच्या लेखकांपर्यंत पोहोचू लागले. दहा वर्षांनंतर, २०११ साली, निकोला पॅलिक्स, ज्युलिया लॉल व सहकाऱ्यांनी तोच अभ्यास नव्याने केला तेव्हा ड्रायव्हरांतील दोषांचे प्रमाण इतर काही भागांच्याही खाली आल्याचे आढळले. मात्र ड्रायव्हरांचा एकूण विस्तार इतका वाढला होता की दोषांची संख्या मोठीच राहिली. प्रमाण घटले तरी ओझे हलके झाले नाही.

८. जन्म-मृत्यूची नोंद : २००३ ते २०१७

पॅकेटप्रमाणे खुद्द नेटवर्क उपकरणाचीही कर्नलमध्ये एक नोंद असते. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६ आवृत्तीत उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात बाहेर दिसू लागली. त्यामुळे एक पेच निर्माण झाला. ड्रायव्हर काढून टाकला जात असतानाच एखादी आज्ञावली त्या उपकरणाची फाइल वाचत असेल, तर नोंद लगेच मोकळी करणे धोक्याचे ठरे. म्हणून ती ठराविक पद्धतीनेच घ्यावी आणि शेवटचा वापरकर्ता बाजूला झाल्यावरच तिची स्मृती परत जावी, असा नियम झाला. कॉलिन्स यांची मोजणीची कल्पना येथे कामी आली.

मोजणीने एक प्रश्न सोडविला आणि दुसरा उभा केला. कोणी एकाने आपली नोंद वजा करण्याचे विसरले, तर संख्या कधीच शून्यावर येत नाही. अशा वेळी अमुक उपकरण मोकळे होण्याची वाट पाहत असल्याचा आणि वापरसंख्या एक असल्याचा संदेश कर्नल पुनःपुन्हा देत राहतो. लिनक्सच्या व्यवस्थापकांना हा संदेश चांगलाच परिचित आहे. संख्या एक आहे हे कळते, पण तो 'एक' कोण हे कळत नाही. हे कोडे सुटण्यासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ५.१७ आवृत्तीत एरिक दुमाझे यांनी तयार केलेली यंत्रणा आली आणि प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र पावती ठेवणे शक्य झाले.

या कालखंडातील सर्वाधिक बोलका प्रसंग जून २०१७ मधील आहे. उपकरणाची नोंदणी होताना ड्रायव्हर काही स्मृती घेऊ शके. ती परत करण्यासाठी मात्र दोन जागा होत्या : एक नोंदणी रद्द होतानाची आणि दुसरी उपकरणाची नोंद नष्ट होतानाची. नोंदणी अर्ध्यावर फसली तर पहिली जागा वापरली जाई, दुसरी वापरली जात नसे. ज्या ड्रायव्हरांनी दुसरी जागा निवडली होती त्यांची स्मृती अडकून पडे. निरनिराळ्या लेखकांनी आपापल्या ड्रायव्हरात यावर पळवाटा काढल्या होत्या. नेटवर्क विभागाचे तत्कालीन प्रमुख डेव्हिड मिलर यांनी अखेर मूळ रचनाच बदलली. खासगी स्मृती परत करणे आणि उपकरणाची नोंद मोकळी करणे ही दोन कामे त्यांनी वेगळी केली व अपयशाच्या प्रसंगी कोणते काम कोण करील ते निश्चित केले. येथे दोष कोणा एका ड्रायव्हरात नव्हताच. तो नियमातच होता. नियम संदिग्ध असेल तर त्याचे प्रामाणिक पालन करणारेही चुकतात, ही गोष्ट या प्रसंगातून स्पष्ट होते.

९. शोधाची साधने

मॅकार्थी यांची शोधाची कल्पनाही कर्नलमध्ये परतली, परंतु वेगळ्या भूमिकेत. कॅटलिन मरिनास यांनी विकसित केलेले 'केमेमलीक' हे साधन सप्टेंबर २००९ मधील लिनक्स २.६.३१ मध्ये समाविष्ट झाले. दिलेल्या प्रत्येक स्मृतिखंडाची ते नोंद ठेवते, ठराविक काळाने कर्नलची स्मृती चाळते आणि ज्या खंडाकडे निर्देश करणारा एकही पत्ता सापडत नाही तो बेवारस असल्याचे कळविते. खंडांचे पांढरे, करडे व काळे असे वर्गीकरण ते वापरते. ही पद्धत डायक्स्ट्रा व सहकाऱ्यांच्या १९७८ सालच्या निबंधाशी नाते सांगते. फरक एवढाच की केमेमलीक बेवारस स्मृती स्वतः मोकळी करीत नाही, केवळ अहवाल देते. निर्णय माणसावर सोपविला जातो.

या साधनाला मर्यादाही आहेत. पूर्ण पानांच्या स्वरूपात घेतलेली स्मृती त्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि वेगवान नेटवर्क ड्रायव्हर येणाऱ्या पॅकेट्ससाठी नेमकी अशीच पाने वापरतात. २०१८ साली ४.१८ आवृत्तीत आलेल्या 'पेज पूल' या यंत्रणेने पानांचे व्यवस्थापन एका ठिकाणी आणले. किती पाने बाहेर आहेत याचा हिशेब तेथे ठेवला जाऊ लागला आणि साठा बंद करताना पाने परतली नाहीत तर इशारा मिळू लागला. बर्कलीच्या हिशेबवहीचेच हे नवे रूप मानता येईल.

आज्ञावली न चालविता तिचा मजकूर तपासणारी साधनेही याच काळात प्रगत झाली. ज्युलिया लॉल, जिल म्युलर व सहकाऱ्यांचे 'कॉक्सिनेल' हे त्यांतील महत्त्वाचे साधन होय. स्मृती घेतली पण अपयशाच्या मार्गावर परत केली नाही, असा आकृतिबंध एकदा लिहून दिला की ते शेकडो ड्रायव्हरांत तो शोधू शकते. २०१७ पासून गूगलचा 'सिझबॉट' कर्नलवर अखंड विचित्र आज्ञांचा मारा करून दोष नोंदवीत आहे; स्मृतिगळतीचाही त्याच्या अहवालांत समावेश असतो.

१०. दुरुस्तीची जोखीम

साधने सुधारली तसे दुरुस्त्यांचे प्रमाण वाढले आणि त्यातून नवा प्रश्न पुढे आला. प्रत्येक गळती सारख्याच महत्त्वाची असते काय? नोव्हेंबर २०१९ मध्ये लिनक्स ड्रायव्हरांतील अनेक गळत्यांना सुरक्षादोष म्हणून क्रमांक देण्यात आले. त्यांतील एक यूएसबीद्वारे जोडल्या जाणाऱ्या कॅन नेटवर्कच्या ड्रायव्हरातील होती. विनंती पुढे पाठविण्यात अपयश आले तर तिच्यासाठी घेतलेली स्मृती तशीच राहत असे. असे अपयश घडवून आणणाऱ्याला यंत्राची स्मृती संपविता येईल, हा युक्तिवाद तत्त्वतः बरोबर होता. तरीही उपकरण सुरू होताना एकदाच घडणारी गळती आणि प्रत्येक पॅकेटमागे घडू शकणारी गळती यांत व्यवहारतः मोठे अंतर आहे.

दुसरा प्रश्न विश्वासाचा होता. गळती बंद करणारी एका ओळीची दुरुस्ती निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात ती चुकीच्या जागी पडली तर तीच स्मृती दोनदा मोकळी होते किंवा मोकळी झाल्यावर वापरली जाते. गळतीने यंत्र सावकाश मंदावते. या दुसऱ्या प्रकारच्या दोषातून मात्र आक्रमकाला यंत्राचा ताबाही मिळू शकतो. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी किरकोळ दुरुस्ती भासणाऱ्या पण दोष आणणाऱ्या सुधारणा कर्नलसाठी पाठवून परीक्षण कितपत सावध आहे याचा प्रयोग केला. तो उघड झाल्यावर मोठा वाद झाला. एप्रिल २०२१ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणाऱ्या सुधारणा थांबविल्या आणि संशोधकांनी आपला निबंध मागे घेतला. त्या विद्यापीठाकडून पूर्वी आलेल्या ४३५ सुधारणांची फेरतपासणी स्वयंसेवकांना करावी लागली. बहुसंख्य सुधारणा योग्य असल्याचे आढळले. काही मात्र सद्हेतूने पाठविल्या असूनही चुकीच्या होत्या.

या प्रकरणाची चर्चा बहुतांशी संशोधनाच्या नीतिमत्तेभोवती झाली, आणि ते योग्यच होते. इतिहासाच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ आहे. लहान दुरुस्ती वाचण्यासाठीही स्मृतीची मालकी त्या क्षणी कोणाकडे आहे हे परीक्षकाला समजावे लागते. दुरुस्ती पाठविणे स्वस्त झाले; ती तपासणे स्वस्त झाले नाही.

११. जबाबदारी यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न

माणूस विसरतो, तर आठवण ठेवण्याचे काम यंत्राकडे द्यावे, हा विचार स्वाभाविक होता. २००७ साली २.६.२१ आवृत्तीत तेजुन हो यांची 'डेव्हरेस' ही पद्धत आली. उपकरणाच्या नावे घेतलेली साधने उपकरण बाजूला होताच उलट क्रमाने आपोआप परत केली जातात. २०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत पीटर झाइलस्ट्रा यांनी आणलेल्या सोयीमुळे एखाद्या कार्याची व्याप्ती संपताच स्मृती आपोआप मोकळी करणे सी भाषेतही शक्य झाले. डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीपासून रस्ट भाषेला कर्नलमध्ये प्रवेश मिळाला आणि मार्च २०२४ च्या ६.८ आवृत्तीत नेटवर्कच्या भौतिक स्तरावरील एका चिपचा ड्रायव्हर रस्टमध्ये आला. मालकीचा करार रस्टच्या व्याकरणातच असतो. सी भाषेत जे अलिखित होते ते येथे भाषेच्या नियमांत आले.

तथापि या उपायांचे स्वागत सर्वत्र सारखे झाले नाही. नेटवर्क विभागाच्या मार्गदर्शक दस्तऐवजात आपोआप साफसफाई करणाऱ्या सर्व सोयींबद्दल, डेव्हरेससह, साशंकता नोंदविलेली आहे. त्या चालतील, पण पसंतीच्या नव्हेत, असा त्याचा रोख आहे. कुलूप आपोआप उघडणारी सोय वीस ओळींहून मोठ्या कार्यात वापरू नये, असेही तेथे सुचविले आहे. ही भूमिका जुनाट वाटण्याची शक्यता आहे. परंतु तिच्यामागे अनुभव आहे. आपोआप होणारी गोष्ट नेमकी केव्हा होते हे वाचणाऱ्याला दिसत नाही. आणि कार्ड अजून स्मृतीत लिहीत असताना ती मोकळी झाली तर हानी गळतीपेक्षा मोठी होते. रस्टच्या बाबतीतही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोकळी केलेली स्मृती वापरणे ती भाषा रोखते. स्मृती विसरून जाणे मात्र तिच्या सुरक्षिततेच्या व्याख्येत बसते. २०१५ साली, भाषेची पहिली स्थिर आवृत्ती येण्यापूर्वी, हा निर्णय विचारपूर्वक घेतला गेला होता.

जुन्या कराराचा भंग आजही आढळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक नेटवर्क ड्रायव्हरांत एकाच साच्याच्या दुरुस्त्या करण्यात आल्या. 'ग्रेथ' या ड्रायव्हरात पॅकेट प्रमाणाबाहेर मोठे असल्यास, तर 'सिस्टिमपोर्ट' या ड्रायव्हरात कार्डासाठी पत्ता तयार करण्यात अपयश आल्यास, पॅकेट 'स्वीकारले' असे उत्तर दिले जाई. पण ते मोकळे केले जात नसे. ग्रेथ ड्रायव्हर २०१० साली लिनक्समध्ये आला होता. म्हणजे सहाव्या भागात वर्णिलेल्या कराराचे एक कलम त्यात चौदा वर्षे अपुरे राहिले. तो मार्ग क्वचितच वापरला जात असल्याने कोणाला फारसा त्रास झाला नसावा. दुरुस्ती मोकळे करण्याच्या एका आज्ञेची होती.

१२. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

(१) स्मृतिगळती नेहमीच्या मार्गावर क्वचित आढळते. ती प्रामुख्याने अपयशाच्या मार्गावर घडते. जे मार्ग क्वचित चालले जातात तेथेच दोष दीर्घकाळ टिकतात.

(२) गळतीचे मूळ व्यक्तीच्या विस्मरणापेक्षा जबाबदारीच्या संदिग्ध वाटणीत अधिक आहे. २०१७ सालच्या रचनाबदलाने हे ठळकपणे दाखवून दिले.

(३) हिशेब, मोजणी आणि शोध या तीन जुन्या कल्पनाच नव्या साधनांत पुनःपुन्हा अवतरल्या. त्यांनी दोष दृश्यमान केला; जबाबदारी कोणाची हे ठरविण्याचे काम मात्र त्यांच्याकडून झाले नाही.

(४) चुकीची दुरुस्ती मूळ गळतीहून घातक ठरू शकते. म्हणून दुरुस्त्यांच्या संख्येवरून व्यवस्थेचे आरोग्य ठरविणे योग्य नाही.

(५) स्वयंचलित उपायांनी जबाबदारी नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. ती ड्रायव्हरच्या लेखकाकडून भाषेच्या वा साधनाच्या रचनाकाराकडे जाते.

१३. समारोप

कर्नलच्या चार दशकांच्या नोंदींत हजारो अनाम व अल्पपरिचित व्यक्तींनी केलेल्या एका-एका ओळीच्या दुरुस्त्या सापडतात. त्यांतून कोणताही मोठा शोध लागला नाही. पण रुग्णालयातील, बँकेतील वा दूरध्वनी केंद्रातील यंत्रे महिनोन्महिने न थांबता चालू शकतात, त्यात या ओळींचा वाटा आहे. संगणकशास्त्राच्या वर्गात स्मृती मागण्याचा धडा पहिल्याच सत्रात शिकविला जातो. मागितलेली वस्तू अपयशाच्या प्रसंगी कोणी परत करावयाची हा प्रश्नही त्याच धड्यात यावयास हवा, कारण प्रत्यक्षातल्या दुरुस्त्यांचा मोठा भाग त्या एका प्रश्नाशीच येऊन थांबतो. इतिहासाच्या अभ्यासकांसाठीही येथे विस्तृत क्षेत्र खुले आहे. निर्मितीइतकीच देखभालही माणसांनी, नियमांनी आणि मतभेदांनी घडविलेली असते; आणि सुदैवाने या देखभालीचे कागद अजून शाबूत आहेत.